पाचव्या चाकाचा आकडा

टायरवर काय लिहिलेलं असतं, असं मला नोकरीच्या पहिल्या दिवशी कुणी विचारलं असतं तर ‘कंपनीचं नाव’ असं मी तोऱ्यात सांगून टाकलं असतं. तोरा हा माझा जन्माचा सोबती. साताऱ्याहून लग्न होऊन मी बंगळूरला आले, नवरा सरकारी कारखान्यात इंजिनिअर, आणि एकोणीसशे साठ साल उलटल्यावर मला शहराच्या उत्तरेकडच्या एका संशोधन संस्थेत स्टोअर-कारकुनाची जागा मिळाली. तारा, बॅटऱ्या, यंत्रांचे सुटे भाग आणि संस्थेच्या गाड्यांचे टायर एवढा संसार माझ्या ताब्यात आला. त्यातलं मला काहीएक कळत नव्हतं, आणि ते कुणाला कळू द्यायची माझी तयारी नव्हती.

दुसऱ्याच आठवड्यात जीपसाठी टायर द्यायचा होता. मी त्यातल्या त्यात नवा, चकचकीत दिसणारा काढून दिला. अर्ध्या तासानं तो टायर हातानं घरंगळवत आमचे थोरले ड्रायव्हर परत आले. पन्नाशीला टेकलेला माणूस, खाकी कपड्याला कडक इस्त्री, कपाळाला गंध. ते म्हणाले की चाक सोळाचं आहे आणि मी पंधराचा टायर दिला आहे. मराठीत म्हणाले, म्हणून मी चमकले. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. घरात अजून मराठी, पण निम्मी कानडीत भिजलेली. मी त्यांना अण्णा म्हणू लागले. ते मला, मी त्यांच्या मुलीच्या वयाची असून, पहिल्या दिवसापासून अक्का म्हणायचे.

ते हसले नाहीत, याचे उपकार मी अजून विसरलेले नाही. खिशातून पांढऱ्या खडूचा तुकडा काढून त्यांनी तो टायरच्या बाजूवर आडवा धरून फिरवला. काळ्यात काळी दडलेली उठावाची अक्षरं एकदम पांढरी होऊन वर आली. 6.00-16, आणि पुढे थोडं बाजूला, 6 पी.आर. पहिला आकडा टायरच्या अंगाचा, म्हणजे हवा भरल्यावर रुंदी किती इंच. दुसरा कमरेचा, म्हणजे आतलं लोखंडी चाक किती इंचांचं. कमरेत चूक झाली तर टायर बसतच नाही, म्हणून ती चूक लगेच पकडली जाते.

“आणि हा पी.आर. म्हणजे पाठ,” ते म्हणाले. “पाठीवर ओझं किती घेईल ते. अंग-कंबर सारखी असलेले दोन टायर शेजारी ठेवा, एक चारचा, एक सहाचा. दिसायला जुळे भाऊ. पण चारच्या पाठीवर सहाचं ओझं टाकलं तर तो बोलत नाही अक्का. तापत राहतो. मग एकदम फुटतो.”

आतल्या कापडाच्या थरांवरून ही ताकद मोजतात हे मी पुढे पुस्तकात वाचलं. पण मला आजही पी.आर. म्हटलं की पाठच आठवते. त्या दिवसापासून खडू फिरवल्याशिवाय टायर द्यायचा नाही असा नियम मी स्वतःला घालून घेतला. काही महिने तो पाळलाही.

अण्णांची गोष्ट मला कळली ती सहा-आठ महिन्यांनी. गाडी बाहेर काढण्याआधी ते पाचही चाकांवरून हात फिरवत, खाली वाकून आकडे बघत, हे सगळ्यांना माहीत होतं. एकदा मी त्यांच्या पुढ्यात टायरचं कार्ड धरलं, तर त्यांनी ते हातभर लांब नेलं आणि “अक्का, तुम्हीच वाचा,” म्हणाले. तिसऱ्यांदा असं झाल्यावर मी सरळ विचारलं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून एक चष्मा काढून दाखवला. लांबचं सगळं स्वच्छ दिसतं, म्हणाले, जवळचं तेवढं स्वल्प धुरकट. चाळिशीच ती. पण आमच्या संस्थेत चष्मा लागलेल्या ड्रायव्हरला गाडीवरून उतरवत आणि गोदामात नाहीतर फाटकावर बसवत. हा नियम कुठल्या शहाण्यानं केला देव जाणे. बावीस वर्षं गाडीला ओरखडा न येऊ दिलेला माणूस फाटकावर बसणार, या कल्पनेनंच माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी कुणाला सांगणार नाही असा शब्द दिला, आणि वर, काहीतरी तोड काढीन, असंही म्हणून बसले. ते त्यांनी मागितलेलं नव्हतं.

तोड मला खंडेनवमीला सुचली. तिकडे तिला आयुधपूजा म्हणतात, आणि बंगळुरात त्या दिवशी गाड्यांचा थाट नवरीसारखा असतो. आमच्या गॅरेजमध्ये आदल्या दिवशीपासून धुणं-पुसणं चालायचं. केळीचे खुंट बांधायचे, शेवंतीच्या माळा घालायच्या, टायरांना काळं पॉलिश करायचं. पूजेनंतर कोहळा फोडायचा, चुरमुरे वाटायचे आणि प्रत्येक गाडी चाकाखालच्या लिंबांवरून पुढे न्यायची. त्या वर्षी मी बारीक ब्रश आणि पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा घेतला आणि टायरांवरचे आकडे रंगवायला बसले. लोकांना ती सजावट वाटली. साताऱ्याला दारात ठिपक्यांच्या रांगोळ्या काढून माझा हात वळलेला होता. आकडे असे उमटले की चार पावलांवरून वाचता यावेत. अण्णा लांब उभे राहून बघत होते. माझा हेतू त्यांना कळला होता. जवळ येऊन हळूच म्हणाले, “आता खडू नको, अक्का.”

त्यांच्या पिकअप गाडीची चार चाकं झाली. पाचवं, जादा चाक मागच्या बाजूला लोखंडी पट्टीनं आवळून टांगलेलं असायचं. पट्टी सैल करून मी पुसलं तर 6.00-16 छान वाचता आलं, पी.आर. वाचता आलं, पण त्याच्या आधीचा आकडा नेमका पट्टीखाली घासून गेलेला. बोट फिरवलं, गुळगुळीत लागलं. पुरोहित आले होते, साहेब खुर्चीवर येऊन बसले होते, मागून कुणीतरी “आवरा, आवरा” करत होतं. पिकअपची बाकी चारही चाकं सहाची होती. मी तिथे सहा काढला. सुरेख काढला. खडूचा तुकडा माझ्या टेबलाच्या खणात होता, गॅरेजपासून वीस पावलांवर.

दिवाळीनंतरची गोष्ट. संस्थेची काही यंत्रं नंदीच्या डोंगरावर बसवायची होती आणि त्यासाठी जड बॅटऱ्यांच्या पेट्या पिकअपमधून वर न्यायच्या होत्या. बरोबर संस्थेची चार माणसं, तीही मागे पेट्यांवरच बसणार. सकाळी माल भरल्यावर मागचं डावं चाक बसलेलं दिसलं. खिळा घुसला होता. अण्णांनी जादा चाक काढलं, पांढरा आकडा बघितला, ते चढवलं आणि पंक्चर झालेलं माझ्याकडे टाकून दहा-सव्वादहाला निघाले. जाताना नेहमीसारखं, “सरी, येतो अक्का,” म्हणाले; ‘बरं’ला ते कानडी ‘सरी’च म्हणत.

प्रत्येक टायरचं एक कार्ड असे. चाक बदललं की दोन्ही कार्डांवर नोंद करायची. अकराच्या सुमाराला मी जादा चाकाचा नंबर शोधत त्याचं कार्ड काढलं. आधीच्या कारकुनाच्या किरट्या अक्षरात लिहिलेलं होतं: साहेबांच्या जुन्या विलायती मोटारीचा टायर, मोटार मोडीत काढल्यावर स्टोअरात जमा, वरून नवं रबर चढवलेलं. मापं 6.00-16. आणि पुढे, 4 पी.आर. खाली तांबड्या शाईत, फक्त रिकाम्या गाडीला, तात्पुरता.

ते तांबडं वाक्य मी तीनदा वाचलं, जणू वाचून ते बदलणार होतं. नंदीचा रस्ता मी बघितला होता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, आणि वळणं अशी की गाडीला एका दमात वळता येत नाही. आणि डाव्या मागच्या चाकावर पेट्या आणि त्यांच्यावर माणसं.

जीप होती, पण ती साहेबांच्या सहीशिवाय हलत नसे. सही हवी तर कारण हवं. कारण सांगायचं तर साहेब पहिला प्रश्न हाच विचारणार की निघण्यापूर्वी ड्रायव्हरनं टायर तपासला नाही का. आणि त्या प्रश्नाच्या मागेच चष्मा उभा होता. दाराशी पोचेपर्यंत मी चार खोट्या गोष्टी रचल्या. एक तार आली आहे. एक पेटी चुकीची गेली आहे. त्या सगळ्या वीस प्रश्नांत फुटल्या असत्या, आणि वीस प्रश्नांना वेळ कुठे होता?

साहेब मंड्याकडचे, शिस्तीचे, कमी बोलणारे. मी कार्ड टेबलावर ठेवलं आणि घडलं ते सांगितलं. आकडा मी रंगवला, माहीत नसताना रंगवला. त्यांनी कार्ड वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. त्यांना स्वतःला चष्मा होता, हे त्या क्षणीही मला टोचलं. मग अपेक्षेप्रमाणे तो प्रश्न आला. आणि त्यांनी जोडून विचारलं की अण्णांच्या डोळ्यांबद्दल गॅरेजमध्ये काही बोललं जातं, ते खरं काय.

“त्यांनी वाचलं ते मी लिहिलेलं होतं, सर,” मी म्हणाले. “चूक वाचण्यात नाही. लिहिण्यात आहे.”

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलंच. बाहेर कुणीतरी टाइपरायटर बडवत होतं आणि मला त्या माणसाचा गळा दाबावासा वाटत होता. शेवटी त्यांनी चिठ्ठीवर सही केली आणि, तुम्हीही जा, असं तुटकपणे म्हणाले. जीपचं जादा चाक पिकअपला चालायचं. या खेपेला मी त्याचं कार्ड काढलं, रबरावरचा आकडा डोळ्यांनी वाचला, बोटानं चाचपला, आणि मगच आम्ही निघालो. तोवर बारा वाजून गेले होते.

जीपचा ड्रायव्हर तमिळ, मितभाषी गृहस्थ. मी त्यांना कानडीत जमेल तसं सांगितलं की मागच्या चाकाला धोका आहे. त्यांनी मान डोलावली आणि बळ्ळारी रस्त्यावर जीप जेवढी पळेल तेवढी पळवली. दोन्ही बाजूंना चिंचेची आणि वडाची झाडं होती, त्यातलं प्रत्येक मी बघितलं, कारण प्रत्येकाच्या बुंध्याशी मला एक आदळलेली पिकअप दिसत होती. देवनहळ्ळीच्या अलीकडे रस्त्यात रबराचा एक लांबलचक काळा तुकडा पडलेला होता. मी जीप थांबवायला लावली आणि उतरून धावत गेले. तुकडा हाताएवढा रुंद होता, एखाद्या लॉरीचा. मी तो उचलून उगीचच रस्त्याच्या कडेला टाकला. माझे हात काळे झाले आणि तसेच पदराला पुसले.

देवनहळ्ळीत चहाच्या दुकानदाराला विचारलं. पेट्यांवर माणसं बसलेली गाडी तासाभरापूर्वी गेली, म्हणाला. ड्रायव्हर चहा प्यायला का, विचारलं, तर म्हणाला, नाही, तो खाली बसून चाकांना हात लावत होता. हे ऐकून मला रडू आलं. अण्णा दर दहा-बारा मैलांना थांबून टायरांवर तळहात ठेवून बघत. हाताला समजतं, म्हणायचे. पण हाताला समजेपर्यंत टायर थांबेल का, हे कोण सांगणार? आणि समजा थांबला, तरी त्यांचा विश्वास हातावर असेल की मी रंगवलेल्या आकड्यावर?

डोंगराच्या पायथ्याशी गाडी नव्हती. घाट सुरू झाला. पहिलं वळण, दुसरं वळण. मी दरीच्या बाजूला बसले होते आणि खाली बघत होते. बघायचं नाही असं ठरवून बघत होते. तिसऱ्या वळणानंतर रस्त्याच्या कडेला बॅटऱ्यांच्या चार पेट्या पडलेल्या दिसल्या. फक्त पेट्या. गाडी नाही, माणूस नाही. जीपवाल्यांनी त्या सबंध प्रवासात पहिल्यांदा तोंड उघडलं आणि मुरुगाचं नाव घेतलं.

पुढच्या वळणावर पिकअप उभी होती. चाकांना दगड लावलेले, चौघं जण झाडाखाली विड्या ओढत बसलेले, आणि अण्णा मागच्या डाव्या चाकाशी उकिडवे, टायरवर तळहात ठेवून. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं. पाठोपाठ मला सगळ्यांचा भयंकर राग आला, विड्या ओढणाऱ्यांचा, डोंगराचा, स्वतःचा.

पेट्या आधी उतरवून नीट रचून ठेवल्या होत्या, फेकल्या नव्हत्या. देवनहळ्ळीला एक टायर बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागला, अण्णा सांगत होते. हवा कमी असेल म्हणून भरून घेतली. पायथ्याशी तो चटका द्यायला लागला, तेव्हा त्यांनी माणसांना उतरून चालायला लावलं. तिसऱ्या वळणावर त्याच्या बाजूला फुगवटा दिसला, तेव्हा निम्म्या पेट्या उतरवल्या. मग जिथे थोडी सपाटी मिळाली तिथपर्यंत गाडी आणून उभी केली. फुगवटा मी बघितला. लिंबाएवढा होता, आणि माझ्या सुरेख सहाच्या अगदी शेजारी.

जीपच्या चाकाकडे, माझ्याकडे आणि माझ्या काळ्या पदराकडे बघून त्यांना पुष्कळसं समजलं. बाजूला येऊन त्यांनी विचारलं, “साहेबांना काय सांगितलंत?”

मी सांगितलं. डोळ्यांबद्दल विचारलं होतं आणि मी बोलले नाही, हेही सांगितलं. मग अण्णांनी चाक बदललं. काढलेला टायर त्यांनी कडेच्या दगडाला टेकवून ठेवला, डब्याची पिशवी मागवली, आणि तिच्यातून चष्मा काढून सर्वांसमोर डोळ्यांवर चढवला. जीपवाले बघत होते. विड्या ओढणारे चौघेही बघत होते. मी “अण्णा,” म्हणाले, पण ते तिकडे बघेनात.

खिशातून चाकू काढून त्यांनी माझा सहा खरवडला. पांढरे पापुद्रे गळून पडले आणि खाली काळं गुळगुळीत रबर राहिलं. मग खडू निघाला. तो त्यांनी आडवा धरला, अगदी हलक्या हातानं, एकदा, दोनदा, तीनदा. आणि त्या गुळगुळीत रबरावर एक इंग्रजी चार उमटला. पुसट, एका पायाचा अर्धा भाग झिजलेला, पण चारच. शेंबड्या पोरालाही वाचता आला असता.

“खडू फिरवला होता काय, अक्का?” त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

“नाही,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, चष्मा काढला नाही, आणि पिकअपची किल्ली जीपवाल्यांच्या हातात दिली. गाडीतल्या आणि खाली उतरवलेल्या पेट्या दोन खेपांत वर गेल्या. जीप खाली आणायला दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा ती मात्र अण्णांनीच चालवली, चष्मा लावून. त्यांची गाडीवरची ती शेवटची फेरी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते साहेबांकडे स्वतःच गेले. चौघांनी आणि जीपवाल्यांनी बघितल्यावर दुसरा मार्ग उरला नव्हता, असं ते पुढे कधीतरी म्हणाले. पण मला ठाऊक आहे, कुणी बघितलं नसतं तरी ते गेले असते. मला एक लेखी ताकीद मिळाली. त्यांना गाडीवरून उतरवून माझ्याच स्टोअरात टायरांच्या मांडणीशी एक स्टूल दिलं.

मी त्यांची गाडी वाचवायला निघाले होते आणि मीच ती घालवली. हे मी त्यांना एकदा बोलून दाखवलं. त्यावर ते म्हणाले, “डोळे माझे गेले, तुमचे नाहीत.” मला समजावण्यासाठी म्हणाले असतील, पण ते मला फार लागलं. पुढची सात वर्षं ते तिथे होते. टायर आला की आधी खडू माझ्यासमोर धरायचे. फिरवणार मी, वाचणार ते, चष्मा लावून, मोठ्यानं.

पुढच्या वर्षीच्या आयुधपूजेला मला कुणीतरी ब्रश आणून दिला. मी तो परत केला. पूजा झाली, कोहळा फुटला, पिकअपच्या चाकांखाली लिंबं ठेवली आणि नवा ड्रायव्हर स्टिअरिंगवर बसला. अण्णा माझ्याशेजारी भिंतीला टेकून उभे होते, हातात चुरमुऱ्यांची पुडी. इंजिन सुरू झालं तेव्हा माझं लक्ष सहज खाली गेलं. क्लच दाबावा तसा त्यांचा डावा पाय जमिनीवर दाबला गेला होता, आणि गाडी लिंबं चिरडून पुढे सरकली तसा तो सावकाश वर आला. मी पुढे होऊन चाकाखालची लिंबं गोळा करायला लागले.